भांड्यांचं लिहिलं, शाळेचं राहिलं

आज आम्ही जरा जुनं बोलणार आहोत, पण सुरुवात एका नव्या कागदापासून करू.

दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात आमच्या गटातल्या एका ताईची मुलगी कायमची माहेरी आली. सोबत दोन लेकरं होती, थोरली सहावीत जाणारी आणि धाकटा तिसरीत. चार पंच बसवून, शंभराच्या स्टँपवर काडीमोड झाली होती. तो कागद तिने आमच्यापुढे ठेवला आणि आम्ही सगळ्यांनी मिळून वाचला. त्यात तांब्याचा हंडा होता, दोन पितळी घागरी होत्या, कपाट होतं, मंगळसूत्रातले मणी किती आणि ते कुणाकडे तेही होतं. लग्नात दिलेली शिलाई मशीन परत करायची तारीखसुद्धा होती. लेकरांबद्दल एकच ओळ होती, 'मुले आईकडे राहतील.' त्यांच्या शाळेचं, दाखल्याचं, फीचं काही नाही.

ती एक ओळ तोकडी आहे हे आम्हाला पंधरा जूनला कळलं. जुन्या शाळेने दाखल्यासाठी वडिलांची सही मागितली. वडील सही देईनात. नव्या शाळेत विचारलं, तर दाखला आणा म्हणाले. लेकरं चार आठवडे घरी बसली. थोरली आजीबरोबर शेरडं घेऊन माळावर जायला लागली. शाळेचं नाव काढलं की गप्प व्हायची.

तेव्हापासून आम्हाला प्रश्न पडला, की हे आजचंच आहे का? काडीमोड तर आपल्याकडे पूर्वीपासून होती. मग तेव्हाच्या लेकरांचं काय व्हायचं? आम्ही म्हाताऱ्या बायांना विचारलं, गटातल्या दोघी-तिघींनी तालुक्याच्या वाचनालयातून पुस्तकं आणली, वकीलबाईंना गाठलं. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगतो.

घटस्फोट हा शब्द आपल्याकडे उशिरा आला. आपले शब्द काडीमोड आणि सोडचिठ्ठी. वरच्या म्हणवल्या जाणाऱ्या जातींत लग्न मोडतच नसे. बाई टाकली जायची, पण सुटायची नाही. शेतकरी, कारागीर आणि कष्टकरी जातींत मात्र पंचांसमोर काडी मोडून नवरा-बायको वेगळे व्हायचे, आणि बाईला पाट लावता यायचा. कुणी त्याला मोहतूर म्हणत. आज कुणी म्हणालं की घटस्फोट हे शहरातलं फॅड आहे, तर त्याला आपल्या पणजीच्या काळातल्या पाटाची आठवण करून द्यावी.

पण या जुन्या रीतीत लेकराची वाटणी कशी व्हायची? आमच्या भागातल्या म्हाताऱ्या सांगतात, की अंगावर पिणारं पोर आईबरोबर जायचं आणि हाताखाली आलं की बाप घेऊन जायचा. हाताखाली येणं म्हणजे काय, तर गुरं वळायला लागणं. तेच वय शाळेचंही. एका आजीने सांगितलं, की तिचा थोरला असाच सातव्या वर्षी नेला. ती बांधावर उभी राहून बघत राहिली. शाळेचा प्रश्नच आला नाही, कारण दोन्ही घरांत कुणीच शाळेत जात नव्हतं. म्हणजे त्या वेळी मोडलेल्या घरातलं पोर शाळेत मागे पडत नव्हतं, कारण शेजारचं धड घरातलं पोरही शाळेत नव्हतं. ही काही आनंदाची गोष्ट नाही, पण ती ध्यानात ठेवायला हवी. वेगळ्या झालेल्या आईबापांच्या मुलांची शाळा हा प्रश्न, शाळा सगळ्यांची झाल्यावर जन्मला.

शाळा सगळ्यांची करायची सुरुवात संस्थानांत झाली. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी आधी अमरेली भागात प्रयोग केला आणि 1906 साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. कोल्हापूरला शाहू महाराजांनी 1917 साली सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलाला शाळेत पाठवणार नाही त्या पालकाला दंड. इथे 'पालक' हा शब्द कागदावर आला. त्या काळी पालक म्हटलं की बाप, हे कुणाला सांगावं लागत नव्हतं.

याच बडोद्यात 1931 साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला, बाकी देशाच्या कितीतरी आधी. एकाच संस्थानात सक्तीची शाळाही आली आणि कायद्याचा घटस्फोटही आला. आम्हाला हे वाचून मौज वाटली. बाईला सोडवण्याची आणि पोराला शिकवण्याची बुद्धी बहुतेक एकाच डोक्यातून येते.

आता त्याच्याही मागे जाऊ, दोन घरांत डोकावू. ही दोन्ही घरं घटस्फोटाची नाहीत, हे आधीच सांगतो. पण आईबाप एका छपराखाली नसलेलं लेकरू शिकलं कसं, हे त्यांत दिसतं.

पहिलं घर जोतिबा-सावित्रीबाईंचं. फसवल्या गेलेल्या विधवांसाठी त्यांनी 1863 साली पुण्यात आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा बाळंत झाली. तिचा मुलगा जोतिबा-सावित्रीबाईंनी 1874 साली दत्तक घेतला, तो यशवंत. ज्याच्या बापाने नावही दिलं नाही, असं ते पोर. तो शिकला, डॉक्टर झाला. जोतिबांनी 1887 साली मृत्युपत्र केलं, त्यात यशवंताला वारस केलं. पुण्यात 1897 साली प्लेग आला, तेव्हा सावित्रीबाई रोग्यांना त्याच्याच दवाखान्यात नेत होत्या, आणि त्याच सेवेत त्या गेल्या. सावित्रीबाईंच्या फोटोला आपण दर 3 जानेवारीला हार घालतो. पण त्यांनी एका पोराचं शिक्षण शेवटपर्यंत नेलं आणि तो त्यांच्या पोटचा नव्हता, हे भाषणात कुणी फारसं सांगत नाही.

दुसरं घर रखमाबाईंचं. त्यांचे वडील लवकर गेले. सुतार जातीत पुनर्विवाहाची रीत होती, म्हणून आई जयंतीबाईंनी डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न केलं. म्हणजे रखमाबाई सावत्र बापाच्या घरात वाढल्या. सावत्र बाप म्हटलं की आपल्या मनात एक चित्र येतं. इथे उलटं झालं. पोर अकरा वर्षांची असताना तिचं लग्न लावून दिलं होतं खरं, पण तिला सासरी न धाडता घरीच ठेवलं आणि वाचू दिलं. मोठी झाल्यावर नवऱ्याने कोर्टात दावा लावला, की बायको नांदायला यावी. कोर्टाने 1887 साली हुकूम केला, की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग पत्करला. शेवटी 1888 साली नवऱ्याने दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला. रखमाबाई विलायतेला गेल्या, 1894 साली डॉक्टर झाल्या, आणि सुरत-राजकोटच्या बायांच्या दवाखान्यांत आयुष्य काढलं.

आम्ही ही गोष्ट गटाच्या बैठकीत सांगितली, तेव्हा एक बाई म्हणाली, "म्हंजी सावत्र बापानं पोरगी शिकीवली आन् लग्नाचा नवरा कोर्टात वडत व्हता." आम्ही म्हटलं, हो, अगदी तसंच.

पुढे मुंबई प्रांतात 1947 साली हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला. बाबासाहेब आंबेडकरांनी देशासाठी हिंदू कोड बिल आणलं. ते अडवलं गेलं, तेव्हा त्यांनी 1951 साली मंत्रिपद सोडलं. नंतर त्या बिलाचे तुकडे करून कायदे झाले. त्यातला 1955 चा हिंदू विवाह कायदा आज आपल्याला लागू आहे. जातीच्या रीतीची काडीमोड या कायद्याने रद्द केली नाही. पण तशी रीत आपल्या जातीत खरोखर आहे, हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. म्हणून स्टँपवरची काडीमोड पुढे कधी टिकते, कधी टिकत नाही. बाई दुसरं लग्न करते आणि मग कुणीतरी कोर्टात जाऊन म्हणतो, पहिलं मोडलंच नव्हतं. ताईंनो, स्टँपपेपर विकणारा तुमचं लग्न मोडू शकत नाही.

याच 1955 च्या कायद्यात कलम 26 आहे. आम्ही ते वकीलबाईंकडून तीनदा वाचून घेतलं. त्यात म्हटलंय, की नवरा-बायकोची केस चालू असताना किंवा निकाल देताना कोर्ट मुलांचा ताबा, पोटगी आणि शिक्षण याबद्दल हुकूम देऊ शकतं, जमेल तिथे मुलांची इच्छा बघून. निकाल लागून गेल्यावरही अर्ज करून तो हुकूम बदलून घेता येतो. शिक्षण हा शब्द कायद्यात 1955 पासून लिहिलेला आहे. पुढे 2001 साली दुरुस्ती झाली, की मुलांच्या खर्चाचा आणि शिक्षणाचा अर्ज समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा. आमच्या ओळखीतल्या किती बायांनी हे मागितलं? आम्हाला एकही आठवेना. बाई स्वतःची पोटगी मागते, तीही लाजत. पोराच्या शाळेचं वेगळं मागायचं असतं, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

आणि मग 1956 चा पालकत्वाचा कायदा. त्यात लिहिलं, की मुलाचा नैसर्गिक पालक बाप आणि बापानंतर आई. लेकरू पाच वर्षांचं होईपर्यंत त्याचा ताबा साधारणपणे आईकडे. आता जरा हिशोब करा. आपल्याकडे पहिलीत पोर सहाव्या वर्षी जातं. म्हणजे शी-शू काढायची, रात्री जागायचं, भरवायचं ते वय आईचं, आणि पाटी-पुस्तकाचं वय आलं की पालक बाप. माळावरच्या आजीची रीत आणि दिल्लीतला कायदा, दोघांची भाषा वेगळी, पण पोर नेण्याचं वय जवळजवळ एकच! वकीलबाई म्हणतात की तसं नाही, पाचनंतरही कोर्ट मुलाचं हित बघतं आणि बरीच मुलं आईकडेच राहतात. त्यांचं खरं असेल. पण शाळेच्या खिडकीत बसलेल्या माणसाला मुलाचं हित विचारायचं नसतं, त्याला सही हवी असते. आणि सही म्हटलं की बापाची, ही सवय तिथून पक्की झाली.

ती सवय मोडायला 1999 साल उजाडलं. लेखिका गीता हरिहरन यांनी आपल्या मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे बाँड घ्यायला अर्ज केला. बँकेने म्हटलं, पालक म्हणून वडिलांची सही आणा. त्या सुप्रीम कोर्टात गेल्या. कोर्टाने सांगितलं, की 'बापानंतर' याचा अर्थ बाप मेल्यावर असा नाही. बाप नसताना, म्हणजे तो मुलाकडे बघतच नसेल, तर आईच पालक. एका शब्दाचा अर्थ लावायला 1956 ते 1999 अशी 43 वर्षं गेली. तेवढ्या काळात किती बायांनी त्या एका सहीसाठी सासरच्या दारात चकरा घातल्या असतील!

पैशाचंही असंच. इंग्रजांच्या 1898 च्या फौजदारी कायद्यात टाकलेल्या बायकोला आणि पोरांना पोटगीची तरतूद होती, पण कमाल मर्यादा महिना 50 रुपये. ती 1923 साली 100 झाली, 1955 साली 500. पुढे 1973 चा नवा कायदा आला, कलम 125 आलं, पण आकडा 500 च राहिला. मधे काही राज्यांनी आपल्यापुरता वाढवला, पण देशाच्या कायद्यातली ती मर्यादा 2001 साली उठली. 1955 साली 500 रुपयांत घर चालत असेल. 1995 साली एका पोराचा गणवेश, वह्या आणि सहामाहीची फी भरली की संपले. आता हेच कलम नव्या संहितेत 144 क्रमांकाचं झालं आहे. आणि 2020 साली सुप्रीम कोर्टाने रजनेश विरुद्ध नेहा या केसमध्ये सांगितलं, की दोघांनीही आपापल्या मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून धरायची, आणि मुलांच्या शिक्षणाचा खर्च त्यात मोजायचा. म्हणून शाळेची प्रत्येक पावती जपा. वह्यांची, रिक्षाची, शिकवणीची सुद्धा. आम्ही गटाच्या पासबुकासारखं प्रत्येकीला एक पाकीट करून दिलंय.

मुस्लिम बहिणींची वाट वेगळी, पण लांबच. हमीद दलवाईंनी 18 एप्रिल 1966 ला सात बायांचा मोर्चा मुंबईत विधानसभेवर नेला. फक्त सात बाया होत्या, पण तोंडी तलाक बंद करा असं म्हणत त्या रस्त्यावर चालल्या. पुढे 1985 साली शहाबानोचा निकाल आणि 1986 चा कायदा, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतरचा एक निकाल मात्र कुणी सांगत नाही, तो नूर सबा खातून यांचा, 1997 चा. सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की तलाक झालेल्या आईकडे राहणाऱ्या मुलांना सज्ञान होईपर्यंत कलम 125 खाली बापाकडून पोटगी मिळते. बायकोच्या पोटगीवर काहीही वाद असो, पोरांची पोटगी पोरांचा हक्क आहे. आमच्या गटातल्या दोन मुस्लिम ताईंना हे ऐकून आधी विश्वासच बसला नाही.

आता आपल्या महाराष्ट्रातली सर्वांत मोठी गोष्ट. संगमनेरला 20 मार्च 1988 रोजी परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरली. समता आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी, ॲडव्होकेट निशा शिवूरकर आणि त्यांच्या साथींनी ती भरवली. त्याआधी त्या गावोगाव फिरल्या आणि टाकलेल्या बाया शोधल्या. नवऱ्याने सोडलेल्या, ना घटस्फोट ना नांदणं अशा. घरी बसून राहिलेल्या बाया पहिल्यांदा मांडवात आल्या आणि माइकवर बोलल्या. पोटगी, घर, स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड या त्यांच्या मागण्या. रेशनकार्ड का, असं आजच्या पोरींना वाटेल. पण रेशनकार्डावर नाव सासरी, बाई माहेरी, मग साखर-रॉकेल कुणाचं? आणि उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, शिष्यवृत्तीचा फॉर्म, सगळ्याला रेशनकार्ड लागतं. म्हणजे कार्डाची लढाई ही पोराच्या शाळेचीही लढाई होती. पुढे निशाताईंनी 'लढा टाकलेल्या स्त्रियांचा' हे पुस्तक लिहिलं. मिळालं तर जरूर वाचा.

त्याच सुमाराला, 1984 च्या कायद्याने, कुटुंब न्यायालयं आली. तिथे समुपदेशक असतात, काळा कोट नसलेली माणसं आधी बोलतात. पण ती मोठ्या शहरांत. आपल्यासारख्या तालुक्याच्या बाईला आजही साध्या दिवाणी कोर्टाच्या व्हरांड्यात तारखा घालवाव्या लागतात. तारीख म्हणजे पोराची शाळा बुडली, कारण त्याला कुणाकडे ठेवणार? परीक्षेच्या आठवड्यातली तारीख पुढची मागून घेता येते, हेही आम्ही उशिरा शिकलो. वकिलाला वेळापत्रकाची झेरॉक्स देऊन ठेवायची.

मग नावाचं. आपल्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाचं नाव, बापाचं नाव, आडनाव असं लिहितात. आईच्या नावाचा रकाना पुढे आला, पण तो वेगळा, मधल्या नावात नाही. आता राज्य सरकारने मार्च 2024 मध्ये ठरवलं, की 1 मे 2024 ला आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव लिहिताना आधी मुलाचं, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव असं लिहायचं. चांगलं झालं. पण हिशोब करा, ही लेकरं पहिलीत जाणार 2030 च्या आसपास. आज सातवी-आठवीत असलेल्या आमच्या पोरींना त्याचा उपयोग नाही. त्यांची हजेरी रोज बापाच्या नावाने पुकारली जाते. कुणाला त्याचं काही वाटत नाही, कुणाला फार वाटतं. थोरलीला फार वाटायचं. नाव बदलायचंच असेल तर पोर शाळेत शिकत असतानाच अर्ज करा. शाळा सोडल्यावर रजिस्टरमध्ये दुरुस्ती करणं फार कठीण जातं. पण आमचं मत विचाराल, तर पोराला विचारल्याशिवाय करू नका. आमच्यातल्या एकीने रागाच्या भरात मुलाचं आडनाव बदलायचा घाट घातला. मुलगा म्हणाला, "मैदानावर माझ्या टीशर्टवर हेच नाव आहे." ती गप्प बसली.

जातीच्या दाखल्याचं दुखणं अजून मोठं. तिथे बापाकडचे पुरावे मागतात आणि बाप ते देत नाही. सुप्रीम कोर्टाने 2012 साली गुजरातच्या एका प्रकरणात म्हटलंय, की आईबाप वेगवेगळ्या जातींचे असतील तर मुलाची जात बापाचीच असं डोळे झाकून धरायचं नाही, पोर कुणाकडे आणि कोणत्या परिस्थितीत वाढलं तेही बघायचं. पण आईबाप एकाच जातीचे असून कागदच हाती नसतील, तर त्रास तोच. त्यावर आमचा एकच उपाय, वेगळं होतानाच बापाच्या शाळेच्या दाखल्याची झेरॉक्स मागून ठेवायची. सहावीत हा कागद लागत नाही, दहावीनंतर लागतो. तोवर दोन घरांत बोलणं उरलेलं नसतं.

आता परत त्या दोन लेकरांकडे येऊ. ती शाळेत कशी गेली? शिक्षण हक्काचा कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. त्याचं कलम 5 सांगतं, की सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली करून घेण्याचा मुलाचा हक्क आहे. जुन्या शाळेने दाखला ताबडतोब द्यायचा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. त्यात बापाच्या सहीचा शब्दही नाही. आम्ही ते कलम मराठीत लिहून काढलं, पाच जणी जाऊन नव्या मुख्याध्यापकांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "हे मला माहीत आहे हो, पण कुणी मागत नाही." त्याच दिवशी दोघं वर्गात बसली. दाखला मागाहून टपालाने आला.

पण वर्गात बसलं म्हणजे झालं असं नाही. धाकटा तिसरीतला, त्याला फारसं काही झालं नाही, निदान आम्हाला तसं वाटलं. थोरली घटक चाचणीत गणितात नापास झाली. आधीच्या शाळेत ती पहिल्या पाचात होती. आजी म्हणाली, बापाची आठवण येते. आई म्हणाली, कामचुकारपणा करते. वर्गशिक्षिकेने खरं कारण शोधलं. चार आठवडे बुडाल्यावर अपूर्णांक सुरू झालेले होते आणि पोरीला त्यातलं काहीच कळत नव्हतं. विचारायची लाज, म्हणून गप्प. दुःख होतंच, पण नापास ती अपूर्णांकांमुळे झाली होती. हे कळल्यावर आम्हाला हायसं वाटलं, कारण दुःखाला औषध नाही, अपूर्णांकाला आहे. गटातल्या एकीची मुलगी बारावीला होती, तिने रोज संध्याकाळी अर्धा तास, भाकरी वाटून दाखवत शिकवलं. दिवाळीपर्यंत गाडी रुळावर आली.

तेव्हापासून आम्ही पहिलं काम हे करतो, की आई घरी आली की आठवड्याच्या आत वर्गशिक्षकांना जाऊन भेटायचं. सगळी कहाणी सांगायची गरज नाही. 'आता आम्ही इथे राहतो, सही माझी चालेल, काही वाटलं तर मला कळवा,' एवढं पुरे. आणि शाळेतून आलेल्या पोराच्या हाती बापासाठी निरोप द्यायचा नाही. "पप्पाला सांग, फी भर म्हणावं," हे वाक्य आमच्या घरांत सर्रास ऐकू येतं. पोर ते ओझं घेऊन जातं, तिकडून शिवी घेऊन परत येतं, आणि दुसऱ्या दिवशी पाढे विसरतं. मोबाईल आहे, आपण स्वतः बोलावं. बोलणं होत नसेल तर मामाने, काकाने बोलावं.

बाप भेटायला येत असेल तर येऊ द्यावा, असं आमच्यातल्या बऱ्याच जणींचं मत आहे. सगळ्यांचं नाही. दारू पिऊन मारणारा होता, त्याच्याबद्दल कुणी कुणाला उपदेश करू नये. पण नुसताच पटत नव्हतं म्हणून वेगळा झालेला बाप असेल, तर स्नेहसंमेलनाला दोघं आले म्हणून कुणाचं काही बिघडत नाही.

पैशाच्या बाजूने दोन गोष्टी. सरकारची बालसंगोपन योजना फक्त अनाथांसाठी आहे असा गैरसमज आहे. घटस्फोट झालेल्या, वेगळे झालेल्या आईबापांच्या मुलांनाही ती आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव तिला आहे आणि 2023 पासून महिना 2250 रुपये ठरले आहेत. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात, मंजुरी बालकल्याण समितीची. मात्र दर महिन्याच्या एक तारखेला पैसे येतील असं धरून फीचा वायदा करू नका. आणि पोरगी पाचवी ते बारावीत असेल, शाळा दुसऱ्या गावाला असेल, तर अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट मिळतो. माहेर आडवळणाला असलं की याचा उपयोग कळतो.

आमच्या गटात आता एक रीत पडली आहे. पंचांची बैठक बसणार असेल तर गटाच्या दोघी तिथे जातात. आम्ही सांगतो, की ताबा आणि पोटगी हे कोर्टातच ठरवा. दोघांची संमती असेल तर 1976 पासून संमतीने घटस्फोट मिळतो, आणि त्या अटींत पोरांच्या शिक्षणाचं कलम घालता येतं. पण काहीजण ऐकत नाहीत, कागद तिथेच लिहायचा म्हणतात. मग आम्ही निदान त्या कागदात चार ओळी घालायला लावतो. दाखला आईच्या सहीने मिळेल. बापाच्या जातीच्या आणि शाळेच्या कागदांच्या झेरॉक्स आज दिल्या. फी आणि पुस्तकं निम्मी-निम्मी. शाळा चालू असताना मुलांना मधेच उचलून नेणार नाही. कोर्टात याला किती किंमत ते वकीलबाईंना ठाऊक, पण दहा माणसांत कबूल केलेलं माणूस सहसा मोडत नाही.

मागच्या मार्चमध्ये शेजारच्या गावात अशीच बैठक होती. मुलाकडचे एक वडीलधारे चिडले. म्हणाले, "शाळेचं कशाला कागदावर? ते काय आपोआप होत असतंय." आमच्याबरोबर ती आजी आली होती, जिचा थोरला सातव्या वर्षी नेला होता. तिने कागद हातात घेतला. वाचता येत नाही तिला, पण घागरींची ओळ कुठे असते ते तिला माहीत झालंय. तिथे बोट ठेवून म्हणाली, "भांड्यांचं लिवलंय की, आबा. पोराचंबी लिवा."

लिहिणाऱ्याने पेन उघडलं.